तारीख वैध की बरोबर?

पेणचे गणपती अमेरिकेलाही जातात. तिथल्या ऑर्डरी इथल्या नोंदींत मिसळताना खरी अडचण तारखेची. २०२४ची गणेश चतुर्थी ०७/०९ला होती; अमेरिकी पद्धतीने वाचली तर ९ जुलै. दोन्ही तारखा वैध, म्हणून संगणक अडवत नाही. सर्वांत घातक चूक हीच. २०२३ची १९/०९ मात्र लगेच अडकते, कारण एकोणिसावा महिनाच नाही. म्हणून नोंदी करताना हे लक्षात ठेवावे:

• तारीख लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ (१९८८) : आधी वर्ष, मग महिना, दिवस. २०२४-०९-०७.
• २९ फेब्रुवारी : २०००मध्ये होती, १९००मध्ये नव्हती.
• वेळ : भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या (यूटीसी) ५ तास ३० मिनिटे पुढे. पेणमध्ये १ जानेवारीच्या पहाटेचे ४ वाजतात, तेव्हा यूटीसीत ३१ डिसेंबरच असतो.
• तारीख माहीत नसल्यास रकाना रिकामा ठेवावा. ०१/०१/१९०० भरू नये.