बीजांडकोशाचा कर्करोग : दारे धरणारा झोपला तर



उसाला पाणी देताना दारे धरणारा माणूस पाटावर जागा असावा लागतो. एक वाफा भरला की त्याचे दार बंद करायचे आणि पुढचे उघडायचे. तो झोपला तर बांध फुटतो व उभे पीक नासते. परमेश्वराने आपल्या शरीरातही असेच पाट घातले आहेत. 'वाढ', 'थांब', 'दुरुस्ती कर' असे निरोप त्यांतून प्रत्येक पेशीला पोचतात. बीजांडकोशाच्या कर्करोगात या पाटांवरचे राखणदारच झोपी जातात.

बी तेच, फळ निराळे

मधमाश्यांची राणी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून निघतात. फरक पडतो तो अळीला मिळणाऱ्या अन्नाने. दोघींची जनुके सारखीच असतात. पण काही जनुके उघडी राहतात, तर काहींना कुलूप लागते. मेथिल नावाचा एक लहानसा रासायनिक गट हे या कुलपाचे काम करतो. २००८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अळ्यांतील हे कुलूप लावणारे द्रव्य कमी केले, तेव्हा त्यांतल्या बहुतेक अळ्यांच्या राण्या झाल्या! बी न बदलता झालेल्या अशा बदलांना एपिजेनेटिक बदल म्हणतात.

कर्करोगात काय होते?

'आरएएसएसएफ१ए' नावाचे जनुक वाढीच्या निरोपाला लगाम घालते. बीजांडकोशाच्या पुष्कळ गाठींत या जनुकाला मेथिलचे कुलूप लागलेले आढळते. मग वाढीचा पाट अडवायला कोणी उरत नाही.

'बीआरसीए१' हे जनुक दुरुस्तीचे काम पाहते. २०११ साली अमेरिकेत या रोगाच्या सर्वांत नेहमीच्या व घातक प्रकाराच्या शेकडो गाठी तपासल्या गेल्या. त्यांत सुमारे दहांतील एका गाठीत हे जनुक मोडलेले नव्हते, नुसते कुलूपबंद होते. अशा पेशींना दुरुस्ती जमत नाही, म्हणून प्लॅटिनमयुक्त औषधे त्यांना चांगली लागू पडतात. पण काही रुग्णांत पुढे कुलूप निघते, पेशी पुन्हा दुरुस्ती करू लागते आणि तेच औषध निष्फळ ठरते. मोडलेले जनुक जोडणे कठीण, पण कुलूप काढता येते. झोपलेले राखणदार जागे करणारी औषधे रक्ताच्या काही रोगांत वापरात आहेत. बीजांडकोशाच्या रोगात त्यांच्या चाचण्या झाल्या असल्या तरी नेहमीच्या उपचारात त्यांना अजून जागा मिळालेली नाही.

आपण काय करावे?

हा रोग गुपचूप वाढतो. 'गॅस झाला', 'वय झाले' असे म्हणत आपल्या आयाबहिणी महिनोन्महिने ओवा खात बसतात, आणि तेवढ्यात रोग पोटभर पसरतो. म्हणून एवढे ध्यानात ठेवा :

१. पोट फुगणे, ओटीपोटात दुखणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला लागणे, यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले आणि महिन्यात बारा दिवसांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीनंतर तर मुळीच थांबू नका.

२. गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीत हा रोग कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफी व सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात. मात्र काही त्रास नसताना सरसकट तपासण्या करून मृत्यू कमी होत नाहीत, असे ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

३. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मोडके जनुक वडिलांकडूनही येते.

४. बाळंतपण व अंगावर पाजणे यांनी धोका कमी होतो. ज्यांना मूल नाही त्यांना, आणि आपल्या धर्मभगिनींनाही, तो थोडा अधिक असतो. त्यांनी दुखणे अंगावर काढू नये.

शेवटी पुरुषमंडळींना एक सांगणे. हा रोग कोणाच्या पापाची शिक्षा नव्हे, तेव्हा घरात तो लपवू नका. बैल दोन दिवस चारा खाईना तर आपण डॉक्टरांकडे धावतो. घरची लक्ष्मी दोन घासांवर ताट सारू लागली, तर तिच्यासाठीही तेवढीच धाव घ्या.