सिरमचा रंग आणि रिपोर्टमधला आकडा

कांजूरमार्ग स्टेशनच्या आसपास सकाळी उपाशीपोटी दिलेले रक्त बहुधा तिथेच तपासले जात नाही. कलेक्शन सेंटरमधून बारकोड लावलेल्या नळ्या मध्यवर्ती लॅबमध्ये जातात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये सुटे झालेले सिरम बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझरपुढे येते. अशी यंत्रे बनवणारी ट्रान्सएशिया बायो-मेडिकल्स ही कंपनी पवईपलीकडे चांदिवलीतच आहे. सुरेश वझिरानी यांनी ती 1979 मध्ये सुरू केली. यंत्राची स्तुती सहसा वेगासाठी होते. अमेरिकेत लिओनार्ड स्केग्ज यांच्या कल्पनेतून 1957 मध्ये पहिला ऑटोअ‍ॅनालायझर बाजारात आला, तेव्हाही कौतुक वेगाचेच झाले. मला मात्र त्याचा मोठा गुण वेगळा वाटतो: समोर आलेला नमुना विश्वासाचा आहे की नाही, हे ते सांगू शकते. ही साक्ष रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी छापली गेलीच पाहिजे.

यंत्राचे काम प्रकाश किती शोषला जातो यावर चालते. शोषणांक 1 असेल तर दहा टक्के प्रकाश पार जातो, 2 असेल तर एकच टक्का. एसजीपीटीच्या तपासणीत एनएडीएच हा पदार्थ 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो; अभिक्रियेत तो जितक्या वेगाने संपतो, तितके ते एन्झाइम जास्त. पण सिरमला स्वतःचाही रंग असतो. तांबड्या पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनने ते गुलाबी होते, काविळीत बिलिरुबिनने गर्द पिवळे, चरबी वाढली की दुधाळ. म्हणून यंत्र तोच नमुना निरनिराळ्या तरंगलांबींवर पाहून या तिन्हींचे निर्देशांक काढते. रंगाचा अडथळा दोन तरंगलांबींवरच्या मोजणीतून बराचसा वजा करता येतो. पेशींतून सांडलेला ऐवज मात्र वजा होत नाही: एलडीएच आणि एसजीओटी ही एन्झाइम्स सिरममध्ये खरोखरच वाढलेली असतात, मोजणी अचूक असली तरी आकडा रोग्याचा नसतो. पोटॅशियमचेही तसेच. ते बहुधा इलेक्ट्रोडने मोजतात, पण त्या आकड्यावर भरवसा ठेवावा का, हे प्रकाशच सांगतो.

अनुभवी टेक्निशियन नळी पाहूनच हे ओळखतो, मग निर्देशांक कशाला, असा आक्षेप येतो. त्या नजरेचा मला आदर आहे. पण गर्द पिवळ्या सिरममध्ये थोडा गुलाबीपणा दडून जातो आणि पाचशेव्या नळीपाशी नजर पहिल्या नळीसारखी राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नमुना नाकारला तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा सुई, पुन्हा फेरी. त्रास खराच. तरी चुकीच्या पोटॅशियमवरून औषध बदलणे त्याहून घातक. शिवाय सगळा नमुना टाकून द्यावा लागत नाही. ज्या चाचण्यांना बाधा पोचते तेवढ्याच रोखून बाकीच्या देता येतात. मग हिमोग्लोबिन पाहून सूत्राने आकडा दुरुस्त का करू नये? कारण पेशी कुठे फुटल्या, हे सूत्राला कळत नाही. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, हलवलेली नळी यांनी त्या बाहेर फुटतात. नीट काढलेल्या दुसऱ्या नळीतले सिरमही लालसरच निघाले, तर त्या शरीरातच फुटत असतील, मलेरियाने किंवा जी-सिक्स-पीडी या एन्झाइमच्या कमतरतेने. आणि त्या कारणाचा शोध डॉक्टरांनी त्याच दिवशी सुरू करायचा असतो.