तिथी पाहून प्रवाळांकडे

नराराला जायला होडी लागत नाही, ओहोटी लागते. जामनगरपासून साधारण ६० किलोमीटरवर, वाडीनार बंदराजवळ, कच्छच्या आखातातले पाणी मागे सरकले की प्रवाळांचा सपाट पट्टा उघडा पडतो. मग घोटाभर, फार तर गुडघाभर पाण्यातून चालत ऑक्टोपस, तारामासे, समुद्रकाकड्या, फुलासारखे ॲनिमोन पाहता येतात. डुबकी मारावी लागत नाही, पोहताही यावे लागत नाही. १९८२ साली घोषित झालेले हे देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत द्वारका-सोमनाथबरोबर ही सहल मे महिन्याच्या सुट्टीत ठरते. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकता आली तर उत्तम, आणि कारण निव्वळ गर्दीचे नाही. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो जिवंत प्राण्यांची वसाहत असतो. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळांचे बरेचसे अन्न तेच तयार करते. पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ते लगेच मरत नाहीत, पण उपाशी राहतात. उन्हाळ्यात ओहोटीनंतर खळग्यांत साचलेले उथळ पाणी झपाट्याने तापते. नेमक्या त्याच दिवसांत शेकडो पावले त्यावरून गेली, तर चुरा झालेला भाग भरून निघणे अवघड होते. गोलसर प्रवाळांची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. पायाखाली मोडलेला तळहाताएवढा तुकडा म्हणजे कित्येक वर्षांची कमाई. म्हणून वाळूवर किंवा मेलेल्या खडकावर पाय ठेवावा, वाटाड्याच्या मागोमाग चालावे.

वाटाड्यालाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी: फोटोसाठी काही उचलून दाखवू नका. पफर मासा हातात धरला की फुगतो, मुले टाळ्या पिटतात. माशासाठी मात्र तो जिवावरचा प्रसंग असतो. पाण्यात तो पाणी गिळून फुगतो. पाण्याबाहेर हवा गिळतो आणि ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. रिकामे शंखही तिथेच राहू द्यावेत, शंखी खेकड्यांची ती पुढची घरे असतात. प्रवाळाचा तुकडा घरी आणणे तर कायद्याने गुन्हा आहे.

तारीख ठरवताना सुट्ट्यांआधी तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, फारसे उघडे पडत नाही. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची वेळ अंदाजे मिळते, हे कोकणातले गणित इथे जसेच्या तसे लावू नये. वाडीनार किंवा ओखा बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत आणि सकाळची ओहोटी निवडावी. सर्वांत खालच्या पातळीच्या दीड-दोन तास आधी उतरावे आणि पाणी तळाला पोहोचले की परत फिरावे. किनारा इतका सपाट आहे की परतणारे पाणी आधी चरांतून मागे शिरते. समोर पाहत उभ्या असलेल्याला ते कळतही नाही. वन खात्याची परवानगी लागते, त्यासाठी ओळखपत्र जवळ असावे.

तिथे सावली नाही आणि पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन खालूनही भाजते. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि पिण्याचे पाणी हवेच. सनस्क्रीनचे थर लावण्यापेक्षा कपडा बरा. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१पासून बंदी घातली ती प्रवाळांना असलेल्या धोक्यामुळेच. पायांत चप्पल नको, जाड तळव्याचे बंद बूट हवेत. प्रवाळाने कापलेली जखम छोटी दिसते, पण तिच्यात बारीक कण अडकतात आणि ती चिघळते. ती स्वच्छ पाण्याने व साबणाने भरपूर धुवावी, कण काढावेत, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. लाली पसरू लागली किंवा ताप आला तर थांबू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पाण्यात न उतरता काठावरून पाहावे; त्यांना कापलेले कळतच नाही, आणि बूट काढल्यावर रक्त दिसते.