टाळी वाजवणारे पुष्कळ, पुस्तक उघडणारे किती?

जून २०२४ मध्ये आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने एक अभिमानाची बातमी आली. तुळजापूरचे तरुण लेखक देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार जाहीर झाला. तुळजापूरचे नाव देवीच्या यात्रेमुळे सर्वदूर ठाऊक आहे. त्या महिन्यात ते शिवणयंत्रावर बसणाऱ्या एका कारागिराच्या लेखणीमुळे वर्तमानपत्रांत झळकले. लेखक शिवणकाम करणारा आणि कादंबरीही शिंप्याच्याच जगण्यावर! लोकांना याचे मोठे नवल वाटले. आम्हास मात्र वाटते, की नवल करून थांबण्यापेक्षा या निमित्ताने आपण स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. लिहिणाऱ्या तरुणाचे रोजचे जगणे आपण ओळखतो काय? आणि आपण स्वतःला त्याचे चाहते म्हणवतो, म्हणजे नेमके काय करतो?

प्रथम पुस्तकाविषयी. ‘उसवण’ २०२२ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. शिवण सुटणे म्हणजे उसवणे, हे घराघरांतील भगिनींना सांगायला नको. तयार कपड्यांची दुकाने गावोगाव आली आणि माप घेऊन कपडे शिवणाऱ्याचा धंदा कसा बसत गेला, त्याच्याबरोबर त्याचा संसार कसा उसवत गेला, हा या कादंबरीचा विषय आहे. आपल्या आठवडी बाजाराच्या कोणत्याही गावात हे चित्र दिसते. पूर्वी शाळा उघडायच्या आधी गणवेशांची, दिवाळीच्या तोंडावर नव्या कपड्यांची आणि लग्नसराईत आहेराच्या कापडांची थप्पी शिंप्याच्या दुकानात लागे. रात्री उशिरापर्यंत यंत्र चाले. आज त्याच्याकडे पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, पिको-फॉल करणे अशी किरकोळ कामे येतात. कारखान्यात एकाच मापाचे शेकडो कपडे एकदम कापले जातात, म्हणून ते स्वस्त पडतात. एकट्या कारागिराला त्या भावात शिवणे परवडत नाही. हे अर्थशास्त्र आम्ही बी. कॉम. ला पुस्तकातून शिकलो. ज्याचा धंदा त्यात जातो, त्याच्या घरात काय घडते, ते मात्र त्या पुस्तकात नव्हते. ते सांगायला त्या यंत्रावर बसलेलाच माणूस लागतो.

कष्टाचे काम आणि लेखन या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, असा एक समज आपल्याकडे आहे. ‘पोटापाण्याचं बघ आधी, कविता काय करतोस’ हे वाक्य कित्येक घरांत ऐकू येते. परंतु आपला इतिहास काय सांगतो? याच जिल्ह्यातील तेरचे गोरोबाकाका माती तुडवून मडकी घडवीत होते आणि अभंगही रचीत होते. अण्णाभाऊ साठे शाळेत दीडच दिवस गेले. मुंबईत त्यांनी हमालीपासून गिरणीपर्यंत पडेल ते काम केले आणि १९५९ साली ‘फकिरा’ दिली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केली. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले आणि १९९५ साली आपल्या मराठवाड्यात, परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ऊर्मिला पवार यांनी सरकारी बांधकाम खात्यातील नोकरी आणि संसार सांभाळून लेखन केले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘आयदान’, म्हणजे त्यांची आई विणीत असे त्या बांबूच्या टोपल्या, सुपे. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

तात्पर्य, रोजचे काम हा लेखनातील अडथळा आहे तसा तो लेखनाचा कच्चा मालही आहे. परंतु वाचकहो, याचा अर्थ लेखकाने कायम हलाखीतच राहावे असा मुळीच नाही. गरिबीमुळे कोणी लेखक होत नाही. गरिबीने लिहायचे राहून गेलेले मात्र असंख्य असतील, त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत.

आता चाहत्यांविषयी. चाहता असणे ही वाईट गोष्ट नाही, उलट लेखक बहुधा चाहत्यातूनच तयार होतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून झाल्यावर त्याची एखादी नवी करामत वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढणारी मुले आमच्या पिढीत होती. वस्त्यांमधून तर ही रीत फार जुनी आहे. आवडत्या गाण्याची चाल घ्यायची आणि त्यावर आपले शब्द बसवायचे. जलशांनी तेच केले, गायन पार्ट्यांनी तेच केले. लोककवी वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांची आरंभीची रचना एका चित्रपटगीताचे विडंबन होती. पुढे त्यांची स्वतःची गाणी एवढी झाली, की गावोगावचे तरुण ती वहीत उतरवून घेऊ लागले. म्हणून एखादी मुलगी आवडत्या लेखकाची नक्कल करीत लिहीत असेल तर तिला हसू नये. दुसऱ्याच्या चालीवर सुरुवात होते, लिहीत राहिले की स्वतःची चाल सापडते.

मग अडचण कोठे आहे? बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर भाषण केले. त्यात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. थोर माणसाविषयी मनापासून आदर वाटणे, हा एक प्रकार. त्याच्यापुढे आपली बुद्धी गहाण टाकणे, हा दुसरा. पहिल्यात काही गैर नाही, दुसऱ्यात माणूस स्वतःचा विचार हरवून बसतो. त्यांनी हे राजकारणातील मोठ्या माणसांविषयी सांगितले, पण साहित्यातील चाहत्यांनाही ते तंतोतंत लागू पडते.

आणि आज तर तिसराच एक प्रकार आला आहे. त्यात आदरही नाही, विचारही नाही, फक्त गर्दी आहे. पुरस्कार जाहीर झाला की फलक लागतात. शाल, श्रीफळ, हार येतात. लेखकाच्या खांद्याला खांदा लावून मोबाईलवर फोटो निघतो, तो रात्रीपर्यंत सगळीकडे फिरतो. व्यासपीठावर दहा जणांची भाषणे होतात. त्या दहा जणांपैकी पुस्तक किती जणांनी वाचले, असे विचारले तर सभा शांत होईल! त्या दिवशी लेखकाची मजुरी बुडालेली असते, याचाही कोणाला पत्ता नसतो. जाण्यायेण्याचे भाडे विचारणारा आयोजक भेटला तर नशीब.

आम्ही कारकून माणूस, म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे आणि लेखकाला दहा टक्के मानधन ठरले आहे. म्हणजे एका प्रतीमागे त्याला २० रुपये. युवा पुरस्काराची रक्कम ५०,००० रुपये असते, आणि तो ३५ वर्षांच्या आतील लेखकाला मिळतो. एवढेच पैसे पुस्तकविक्रीतून मिळवायचे तर या हिशेबाने २,५०० प्रती खपल्या पाहिजेत. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात आणि हल्ली आवृत्ती त्याहून लहान निघते. आता सत्काराचा खर्च पाहा. एक बरी शाल, हार, श्रीफळ आणि फलक यांत पुस्तकाच्या दहा प्रती सहज येतील. शाल लेखकाच्या घरी ट्रंकेत पडून राहते. दहा प्रती दहा घरांत जातात आणि तेथून आणखी चाळीस हातांत जातात. यातील कोणता सत्कार लेखकाला पुढचे पुस्तक लिहायला लावील, हे वाचकांनीच ठरवावे.

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. संमेलन तीन दिवसांचे असते. गावातील वाचन बारा महिन्यांचे असावे लागते. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावच्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते. आपल्या गावच्या वाचनालयात ‘उसवण’ आहे काय, हे जाऊन विचारायला एक रुपयाही लागत नाही. नसेल तर मागणी नोंदवावी. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाचा एक तास कमी केला तर वस्तीतील मुलांसाठी पुस्तकांची एक पेटी उभी राहू शकते.

माता-भगिनींना आमची एक खास विनंती आहे. चाहता होण्याची सुरुवात घरापासून करावी. आपला मुलगा वहीत काही खरडत बसला तर त्याला रिकामटेकडा म्हणू नये. मुलीच्या बाबतीत तर अधिक जपावे. मुलगा लिहीत बसला तर निदान त्याला कोणी उठवीत नाही, मुलगी लिहीत बसली की चार कामे आठवतात. संध्याकाळचा एक तास तिचा आहे, असे घरात ठरवून टाका. तिने लिहिलेले वाचून दाखविले तर ‘छान’ म्हणून मोकळे होऊ नका. कोठे कंटाळा आला, कोठे डोळ्यांत पाणी आले, कोठे खोटे वाटले, तेही सांगा. खोट्या कौतुकाने लिहिणारे हात लवकर थांबतात.

आणि लिहिणाऱ्या तरुण मित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मोबाईलवर किती अंगठे उमटले, त्यावरून आपल्या लेखनाची किंमत करू नका. न वाचताही अंगठा उमटविता येतो! जे काम तुम्ही रोज करता त्यातील शब्द, हत्यारे, भाव, भांडणे तुमच्याइतकी कोणाला ठाऊक नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे पोर, वीटभट्टीवरची सून, दुकानात हिशेब लिहिणारा नोकर, यांचे जगणे अजून पुरते लिहून झालेले नाही. ते लिहा. एकदा लिहून समाधान मानू नका. शिंपीसुद्धा टीप वाकडी गेली तर ती उसवून पुन्हा घालतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

पुढच्या वेळी आपल्या भागातील एखादा लेखक, एखादी कवयित्री भेटली तर फोटो जरूर काढा, पण त्याआधी पुस्तक विकत घेऊन वाचा. मग त्यांना त्यातील एखादा प्रसंग सांगा, जो तुम्हांला पटला किंवा पटला नाही. पुढचे काय लिहीत आहात, एवढे विचारा. आणि मग त्यांना त्यांच्या कामाला वेळेवर जाऊ द्या.