जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिने आणि न्यूमोनियाची लस

ठाण्याहून कल्याणकडे आणि तेथून कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस जी दाट वस्ती उभी राहिली आहे, तीत सकाळच्या लोकलच्या डब्यात, चाळीतल्या एकाच खोलीत निजणाऱ्या कुटुंबात आणि बालवाडीच्या वर्गात एकाच्या खोकल्यातील तुषार दुसऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचण्यास निमिषही लागत नाही. अशा वस्तीत न्यूमोकोकस या जिवाणूस आश्रयाची वानवा नसते. निरोगी बालकांच्या नाकामागील पोकळीत तो निमूटपणे राहतो. परंतु बालक कुपोषित असले, अथवा विषाणूजन्य सर्दीने श्वासमार्गाचे अस्तर दुखावले गेले, की तोच फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया आणि मेंदूच्या आवरणांपर्यंत जाऊन मस्तिष्कावरणदाह उत्पन्न करतो.

या जिवाणूभोवती बहुशर्करेचे आवरण असते, आणि विसाव्या शतकातील लसशास्त्राने आपले सारे लक्ष याच आवरणावर केंद्रित केले. त्यास सबळ कारण होते. आवरण नसलेल्या न्यूमोकोकसला रक्तातील भक्षकपेशी सहज गिळतात, आणि आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे असली म्हणजे आवरणधारी जंतूचीही तीच गत होते. मात्र दोन वर्षांखालील बालकाचे शरीर नुसत्या शर्करेस नीट दाद देत नाही. शर्करा प्रथिनास जोडल्यास शरीर तिची दखल घेते, हे अ‍ॅव्हरी आणि गोबेल या शास्त्रज्ञांनी १९२९ साली दाखविले. त्याच तत्त्वावर आजची संयुक्त लस उभी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी न्यूमोसिल ही लस डिसेंबर २०२० मध्ये भारतात आणली. तीत आवरणाचे दहा प्रकार असून आशिया व आफ्रिकेत आढळणाऱ्या प्रकारांचा विचार करून ते निवडलेले आहेत. २०२१ पासून न्यूमोकोकसविरोधी लस देशभर सरकारी लसीकरणात सहाव्या आठवड्यास, चौदाव्या आठवड्यास आणि नवव्या महिन्यास विनामूल्य दिली जाते. महाराष्ट्राच्या भूमीवर अशी लस तयार झाली, याचा मला मनःपूर्वक अभिमान वाटतो.

तथापि या आवरणाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. पावसाळ्यात डोंबिवलीच्या फलाटावर केवळ रेनकोटाच्या रंगावरून माणूस ओळखू पाहणाऱ्याची जी फसगत होईल, तीच दहा-वीस प्रकारांच्या लशीची होऊ शकते. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांची लस सुरू झाल्यावर ते सात प्रकार मागे हटले खरे, पण लशीत नसलेला १९-ए हा प्रकार पुढे सरसावला आणि २०१० साली त्याचा समावेश असलेली तेरा प्रकारांची लस आणावी लागली.

म्हणूनच शास्त्रज्ञांची दृष्टी जवळजवळ प्रत्येक न्यूमोकोकसमध्ये आढळणाऱ्या प्रथिनांकडे वळली. त्यांतील सर्वांत अधिक अभ्यासलेले प्रथिन पीएसपीए हे होय. अलाबामा विद्यापीठातील डेव्हिड ब्राइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात ते उजेडात आणले. त्याचे एक टोक जंतूच्या भित्तीतील कोलीनला घट्ट धरून असते, आणि दुसरे लांबट, पिळदार टोक बाहेर येऊन दुहेरी कार्य करते. आपल्या रक्तातील पूरक प्रथिने, ज्यांच्या खुणेवरून भक्षकपेशी शत्रू ओळखतात, ती जंतूवर बसू नयेत अशी तजवीज ते करते. शिवाय श्लेष्मल द्रवातील लॅक्टोफेरिन या जंतुनाशक प्रथिनास बांधून ते निष्प्रभ करते. अशा प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झाली, तर जंतूचे रक्षणाचे साधनच हिरावले जाते, हा या शोधामागचा विचार मला फार मार्मिक वाटतो. पीएसपीएचेही भेद आहेत, परंतु बहुसंख्य जंतू त्याच्या दोन कुलांतच मोडतात. शंभरांची मोजदाद करण्यापेक्षा दोघांचा बंदोबस्त करणे केव्हाही सुकर. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे प्रथिन टोचलेल्या स्वयंसेवकांची रक्तद्रव्ये उंदरांना दिली असता ते उंदीर न्यूमोकोकसपासून वाचले.

पण उंदरापासून मुलापर्यंतची मजल लांबची आहे. गांबियातील अर्भकांवर, चालू लशीच्या शर्करांबरोबर पीएचटीडी हे दुसरे पृष्ठप्रथिन आणि न्यूमोलायसिन या विषाचे निर्विष रूप देऊन पाहण्यात आले, तेव्हा नाकातील जंतूंचे वास्तव्य चालू लशीहून अधिक घटल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला.

प्रथिनांच्या मर्यादेचा धडा देणारे दुसरे उदाहरण आपल्याच इलाख्यातील आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेली प्लेगाची साथ लोहमार्गाने ठाणे जिल्ह्यात आणि घाटावर पसरत असता, जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत, रसात तुपाचे थेंब सोडून जंतू वाढविले, ते उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःस टोचून घेतली. त्या मृत जंतूतील कोणता अंश संरक्षण देतो, हे पारखण्याचे साधन तेव्हा नव्हते. प्लेगच्या जंतूस शरीराच्या तापमानात आच्छादणारे एफ-१ हे प्रथिन वेगळे काढावयास पुढे अर्धशतक लागले. पण एफ-१ वाचूनही रोग उत्पन्न करू शकणारे प्लेगजंतू आढळल्यामुळे नव्या लशींत त्याच्या जोडीस व्ही हे प्रथिन घालण्यात येते. डांग्या खोकल्याच्या नव्या लशींतील पर्टॅक्टिन हे पृष्ठप्रथिन टाकून देणारे जंतूही अमेरिका, फ्रान्स, जपान आणि ऑस्ट्रेलियात पसरले आहेत. एकाच प्रथिनावर भिस्त ठेवू नये, हे यावरून उघड आहे. माझ्या मते न्यूमोकोकसची उद्याची लस दोन-तीन प्रथिने आणि आजच्या शर्करा यांच्या संयोगातूनच सिद्ध होईल.

ती येईपर्यंत हाती असलेली लस वाया जाऊ देऊ नये. पहिल्या दोन मात्रा झाल्यावर मूल गुटगुटीत दिसू लागते आणि नवव्या महिन्याची तिसरी मात्रा राहून जाण्याचा संभव असतो. म्हणून ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील प्रत्येक आईबापाने आज लसीकरणाचे कार्ड काढून पाहावे, आणि तिसऱ्या मात्रेपुढे तारीख नसेल तर जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात मुलास घेऊन जावे.