यकृत आपपर पाहत नाही

प्रदूषकांमुळे हार्मोन बिघडतात म्हटलं की प्लॅस्टिकमधलं एखादं रसायन इस्ट्रोजेनचं सोंग घेऊन पेशींना फसवतं, एवढंच सांगितलं जातं. ते खरं असलं तरी अपुरं आहे. हार्मोन शरीरात किती काळ टिकणार, हे बऱ्याच अंशी यकृत ठरवतं. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल, थायरॉक्सिन यांना पाण्यात विरघळण्याजोगं करून लघवी किंवा पित्तावाटे बाहेर काढणारी विकरं तिथे असतात. औषधं आणि कीटकनाशकं यांची विल्हेवाटही बरीचशी हीच विकरं लावतात. १९९८ मध्ये सापडलेल्या पीएक्सआर या रिसेप्टरला परकं रसायन चिकटलं, की त्यांचं उत्पादन वाढतं आणि वाढलेली विकरं घरच्या हार्मोनांवरही चालून जातात. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनमुळे हेच होतं. ते चालू असताना गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात आणि थायरॉईडच्या रुग्णांचा डोस वाढवावा लागू शकतो. ‘लिव्हर डिटॉक्स’ विकणाऱ्यांना यकृताचा वेग हवाहवासा वाटतो, पण इथे वेगच नडतो.

डीडीटी आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी ही रसायनंही यकृताला अशीच चेतवतात. पीसीबी दिलेल्या उंदरांत थायरॉक्सिन झपाट्याने उतरतं. यावर आक्षेप असा, की उंदरात थायरॉक्सिन जेमतेम दिवसभर टिकतं, तर माणसात वाहक प्रथिनांच्या आधाराने त्याचा अर्धायुकाल सुमारे ७ दिवसांचा असतो. शिवाय रिफॅम्पिसिन रोज शेकडो मिलिग्रॅम घेतात, प्रदूषकं अत्यल्प असतात. आक्षेप वजनदार आहे. निरोगी प्रौढाला घाबरवण्याजोगा पुरावा यात नाही, कारण त्याची थायरॉईड ग्रंथी तूट भरून काढते. पण रिफॅम्पिसिन थांबवलं की काही आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं, पीसीबी मात्र चरबीत वर्षानुवर्षं मुरून राहतात. आणि पहिल्या काही महिन्यांत गर्भाकडे स्वतःचं थायरॉक्सिन नसतं, तो आईच्या पुरवठ्यावर वाढतो. त्या आईला आयोडीनच कमी पडत असेल, तर तूट भरायची कशातून?

गुंतागुंत इथेच संपत नाही. पीसीबी बाहेर काढण्यासाठी यकृत त्यांना जे नवं रूप देतं, त्यातली काही रूपं इस्ट्रोजेन निष्प्रभ करणाऱ्या विकरालाच अडवतात, तेही प्रयोगशाळेत अगदी सूक्ष्म मात्रेत. म्हणजे एकाच प्रदूषकामुळे एक हार्मोन लवकर संपतं आणि दुसरं रेंगाळू शकतं. एखादं रसायन हार्मोनच्या रिसेप्टरला चिकटतं का, एवढंच पाहून त्याला निर्दोष ठरवणारी चाचणी यातलं काहीच पकडू शकत नाही.