सासूची पेटी, सुनेचं माहेर

तांब्या-भांड्यावर नाव घालून घ्यायची आपली जुनी रीत. फडताळातलं भांडं उलटसुलट केलं की ते कुणाकडून आलं ते कळतं. एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयातली चांदीची पेटी अशीच वाचावी.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगेमागे पॅरिसमध्ये घडलेली ही पेटी स्कॉटलंडची राणी मेरी हिची मानतात. फेब्रुवारी 1567मध्ये मेरीचा दुसरा नवरा डार्न्ली याचा खून झाला आणि मे महिन्यात तिने संशयित बॉथवेलशीच लग्न लावलं. जूनमध्ये बॉथवेलच्या नोकराकडे एक पेटी सापडली. किल्ली नव्हती. मॉर्टनचा अर्ल जेम्स डग्लस याच्यासमोर कुलूप फोडलं, तर आत पत्रं. मेरीनेच बॉथवेलला लिहिलेली, असं विरोधकांचं म्हणणं. पेटीवर राजमुकुटाखाली ‘एफ’ अक्षर असल्याची नोंद तेव्हा झाली. एफ म्हणजे फ्रान्सिस, फ्रान्सचा राजा, मेरीचा पहिला नवरा. आरोप दुसऱ्याच्या खुनाचा, पुरावा तिसऱ्याला लिहिलेला आणि डब्यावर अक्षर पहिल्याचं! ती पत्रं खरी की बनावट, हा वाद अजून मिटलेला नाही. मूळ पत्रं 1584नंतर कुणी पाहिलेली नाहीत.

मला पेटीचा पुढचा प्रवास जास्त आवडतो. 1632नंतर ती डग्लस घराण्याच्या सुनेने, मार्शनेस मेरी गॉर्डनने विकत घेतली. 1674मध्ये ती वारली आणि पेटी सोनाराकडे गेली. जुनी चांदी सोनाराकडे गेली की बहुधा मुशीतच जाते. ही वाचली, कारण सून अ‍ॅनने ती परत मिळवली.

ही सून साधी नव्हे. वडिलांचा 1649मध्ये शिरच्छेद झाला, काका 1651मध्ये वूस्टरच्या लढाईतल्या जखमांनी गेले, आणि हॅमिल्टन घराण्याची गादी अ‍ॅनकडे आली. नवरा विल्यम डग्लस याला ड्यूकपद मिळालं ते तिच्यामुळे. आपण त्याला घरजावईच म्हटलं असतं. पेटी घरी आल्यावर त्यानेच तिला गळ घातली, तुझ्या घराण्याचं कुलचिन्ह हिच्यावर कोरून घे. आईच्या पेटीवर बायकोच्या माहेरचं नाव! असे नवरे आपल्याकडेही मोजकेच. शिवाय राणी मेरीच्या पेटीवर हे चिन्ह शोभतंही, कारण हे हॅमिल्टन 1568मध्ये लँगसाइडच्या लढाईत तिच्याच बाजूने लढले होते.

2022मध्ये संग्रहालयाने ती 18 लाख पौंडांना घेतली. कुलचिन्ह अजून हॅमिल्टनांचंच आहे.